दत्ताभाऊजींचं विमान आणि माझी उदबत्ती

मी एकदा उदबत्तीनं विमान बंद पाडलं होतं. हे जुनी माणसं सोडली तर आजवर फक्त नातवंडांना ठाऊक होतं, तेही ती जेवायला कुरकुर करायला लागली की मी लाच म्हणून सांगायचे म्हणून. आता ज्यांचं ते विमान होतं ते माझे धाकटे दीर, मेजर दत्तात्रय, आम्हा सगळ्यांचे दत्ताभाऊजी, गेल्या महिन्यात गेले. त्यांच्यावर लिहायचं तर उदबत्ती वगळून लिहिता येत नाही. हे छापून आल्यावर सोसायटीतलं कोणी मला नव्या गाडीच्या पूजेला बोलावणार नाही, हे गृहीत धरूनच लिहायला बसले आहे.

ते गेले त्या सकाळी रावेतहून त्यांच्या लेकीचा, मंजूचा फोन आला. "मोठीआई, बाबा उठत नाहीयेत." मी म्हटलं, "नीट बघ गं, सोंग करत असतील." खरंच असं म्हटलं मी! कारण या माणसानं आयुष्यभर मला असंच फसवलं होतं. एकदा तर भाचीच्या साखरपुड्यात खुर्चीतच डोळे मिटून पडले आणि मी पाणी शिंपडायला वाकल्यावर हळूच म्हणाले, "वहिनी, भटजींचं आवरलं का? मग उठतो." पण या वेळी ते सोंग नव्हतं. फिरून आले, चहा मागितला, वर्तमानपत्र उघडलं आणि चहा येईपर्यंत गेलेही. चहाची वाट न बघता उठून जाणं हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलंच...

लग्न होऊन मी पुनावळ्यात आले तेव्हा ते शाळेत होते. मी चिंचवडची, मॅट्रिक झालेली, म्हणजे स्वतःला फार शहाणी समजणारी. आज ज्या टॉवरच्या गॅलरीत बसून लिहिते आहे तिथे तेव्हा आमची ज्वारी उभी असायची आणि कडेला गोठा होता. आल्या आल्या सासूबाईंनी धारेला पाठवलं. म्हशीनं माझ्याकडे बघितलं, मी म्हशीकडे, आणि आमच्या दोघींच्याही लक्षात आलं की हे जमणार नाही. मी चरवी घेऊन रडत उभी. दत्ताभाऊजींनी धार काढली, चरवी माझ्या हातात दिली आणि आत जाऊन आईला सांगितलं, "वहिनीचा हात लई हलका हाय, म्हस हललीबी न्हाई." त्या एका वाक्यापायी मला पुढे कित्येक दिवस धारेला जावं लागलं आणि त्यांना रोज माझ्या आधी उठावं लागलं. मी मात्र गावभर ऐटीत सांगत होते की चिंचवडच्या मुलींना काही शिकवावं लागत नाही.

पुढे ते फौजेत गेले, अधिकारी झाले. सुट्टीवर आले की घरातल्या गोधड्यांच्या घड्या अशा करून ठेवायचे की मोडायची भीती वाटावी. बर्फातल्या ठाण्यांवरच्या गोष्टी सांगायचे. रस्ता बंद झाला की सगळे आभाळाकडे कान लावून बसायचे आणि लहानसं विमान घरघरत आलं की जवान एकमेकांना मिठ्या मारायचे. त्या विमानातून कांदे आले तरी दिवाळी, असं म्हणायचे. आम्ही कांद्यांना हसायचो. त्यांच्या मनात काय शिजतंय ते कोणालाच कळलं नाही. मेजर असताना त्यांनी फौज सोडली, घरी आले आणि जेवताना जाहीर केलं, "मी विमान कंपनी काढतोय."

आमच्या ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. हे म्हणाले, "दत्ता, गाळे काढ, मंगल कार्यालय काढ. चाकणला पार्ट पुरवणारे मालामाल झाले." भाऊजी म्हणाले, "दादा, चाकणला पार्ट बनवणारी पोरं कुठली आहेत? नांदेडची, लातूरची, जळगावची. घरी कोणी आजारी पडलं तर रात्रभर एसटीत बसून जातात आणि पोचेपर्यंत उशीर होतो. त्यांच्या गावांना रस्ता बंदच आहे असं समज." ह्यांनी भात कालवता कालवता विचारलं, "आणि विमान ठेवणार कुठं? गोठ्यात?"

तर तळवड्याला एका वर्कशॉपच्या माडीवर ऑफिस झालं, खाली दिवसभर लेथ मशीन चालायचं आणि वर टेबलावरचे कप थरथरायचे. भाऊजी पायदळातले, त्यांना स्वतःला विमान चालवता येत नव्हतं. भागीदार म्हणून मिळाले कॅप्टन बर्वे, हवाई दलातून निवृत्त झालेले वैमानिक. कडक इस्त्रीचे, मोजकं बोलणारे, हसायची वेळ आली तर मिशी खाजवणारे. दोन पंखे असलेलं एक छोटं विमान भाड्यानं आणलं. आता सरकारी तपासणी अधिकारी येणार, विमानात बसून सगळं पारखणार आणि मगच प्रवासी बसवायचा परवाना मिळणार, असं ठरलं. आणि आमच्याकडे ट्रॅक्टर असो, स्कूटर असो की पिठाची गिरणी, पूजा झाल्याशिवाय चाक हलत नाही. भाऊजी म्हणाले, "पूजा वहिनीच करणार."

मी जरीचं लुगडं नेसून विमानतळावर गेले. चाकांखाली लिंबं ठेवली, नाकावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला. तिथल्या इंजिनिअरनं आधीच बजावलं होतं की जवळपास इंधन आहे, काडी ओढायची नाही. निरांजन गेलं, कापूर गेला. पण बिनउदबत्तीची पूजा माझ्या मनाला पटेना. न पेटवता का होईना, नुसती खोचू, म्हटलं. बघते तर पंखाखाली बोटाएवढी एक नळी पुढे आलेली, तोंडाला नेमकं उदबत्तीच्या मापाचं भोक! त्यावर लाल फडक्याची पिशवी घातलेली होती, ती काढून मी व्यवस्थित घडी करून ठेवली. मनात म्हटलं, काय हुशार लोक असतात परदेशातले, उदबत्तीची सोयसुद्धा करून पाठवतात. दोन काड्या खोचल्या. नमस्कार झाला. निघताना काड्या उपसून घेतल्या त्या अर्ध्याच आल्या, पण माझं लक्ष नारळ फोडायची जागा शोधण्यात होतं.

विमान धावपट्टीवर पळालं आणि उठायच्या आधीच करकचून थांबलं. ती नळी म्हणजे विमानाचा वेग मोजायचं साधन. तिच्यात वारा शिरतो, त्यावरून आत काटा सरकतो, आणि काटा सरकला नाही तर वैमानिकाला आपण किती जोरात चाललोय ते कळत नाही. काटा शून्यावर राहिला म्हणून बर्व्यांनी ब्रेक मारला. इंजिनिअरनं चिमट्यानं नळीतून तुकडे ओढून काढले. अधिकाऱ्यांनी ते तळहातावर घेतले, वास घेतला आणि विचारलं, "ये क्या है?"

भाऊजी टाचा जुळवून ताठ उभे. "मोगरा, सर."

कोणी हसलं नाही. मी खांबामागे. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे कोणी केलं? भाऊजी म्हणाले, "विमान माझ्या ताब्यात होतं, सर. नळीत काय गेलं ते मी बघायला हवं होतं." माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही त्यांनी. अधिकारी म्हणाले, पुन्हा येईन, पण एकदाच. तेव्हाही असं काही झालं तर परवाना विसरा.

घरी आलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. दारात बायका जमल्या होत्या. सासूबाईंनी तर मी आत येण्याआधीच सुरू केलं, "हिच्या हातची पूजा झाली आन् इमान बसलं की खाली! पुन्यांदा हिला त्या इमानाच्या वाऱ्यालाबी उभी करू नगा." शेजारच्या काकू म्हणाल्या, "न्हाई म्हंजी, एकेकीचा हातच तसा असतोय." झालं. गावात कोणाची मोटर जळली, कोणाची म्हैस आटली तरी लोक माझ्याकडे बघायला लागले. बारशाला मला पाळण्याच्या दोरीपासून लांब बसवलं. मी वरवर हसत होते, पण सकाळी तुळशीला पाणी घालताना माझा हात थांबायचा. वाटायचं, खरंच असेल का माझ्या हातात काही?

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी स्वयंपाकघरात आले. "वहिनी, उद्या पहाटे तयार राहा. पूजा तुम्ही करायची." सासूबाईंच्या हातातलं लाटणं खाली पडलं. मी म्हटलं, "भाऊजी, पाया पडते. सगळं घालवाल." ते म्हणाले, "हळद, कुंकू, लिंबं, नारळ सगळं घ्या. उदबत्तीचा पुडा तेवढा घरी राहू द्या." आणि जाता जाता डब्यातला लाडू उचलून नेला.

मी पूजा केली. लक्ष सगळं त्या नळीकडे, त्यात स्वस्तिकाचा एक पाय भलतीकडेच गेला. तिच्याजवळ इंजिनिअर स्वतः पहारा देत उभा होता. विमान धावलं. मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा धावपट्टी मोकळी होती आणि भाऊजी माझ्याकडे बघून आभाळाकडे बोट दाखवत होते. परवाना मिळाला. त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला भावकीतल्या नव्या सुनेची ओटी भरायला बसवलं आणि काकूंनी त्यांच्या बोअरच्या पूजेला बोलावलं. माणसं किती पटकन शहाणी होतात!

नांदेडच्या पहिल्या फेरीला भाऊजींनी मला खिडकीशी बसवलं. मी इतकी भारावले होते की शिडीशी चपला काढून, उंबऱ्याला हात लावून आत शिरले आणि नांदेडला अनवाणी उतरले. तिथल्या तापलेल्या सिमेंटवर मी नाचत होते आणि भाऊजी बर्व्यांना गंभीरपणे सांगत होते, "वहिनींना आनंद झाला की त्या असंच करतात." मागच्या रांगेत चाकणच्या एका कंपनीतला मुलगा होता, बहिणीच्या बाळाला बघायला निघालेला. तो उतरताना भाऊजींच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला मधेच धरून त्याच्याशी हात मिळवला. अशा फेऱ्या पुढे कित्येक वर्षं झाल्या. कंपनी वाढली, धडपडली, मग एका मोठ्या कंपनीत मिसळून गेली. भाऊजींना त्याचं दुःख झालं नाही. "गावं जोडली ना? मग नाव कुणाचं का असेना," म्हणायचे आणि माझ्या पुढ्यातली भजी पळवायचे.

बर्वे मात्र टिकून राहिले. दर श्रावणात आमच्या सत्यनारायणाला येत, मांडी दुखत असूनही शेवटच्या अध्यायापर्यंत बसत. त्या दुसऱ्या पूजेच्या वेळी पूर्ण वेळ माझं पूजेचं ताट त्यांनी हातात धरलं होतं आणि तेव्हापासून मी त्यांना भारी धार्मिक समजत होते. परवा ते भेटायला आले. भाऊजींच्या रावेतच्या बैठकीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "कॅप्टन, या श्रावणात दोन्ही घरांचा सत्यनारायण एकत्रच करू, तुम्हाला एवढी आवड." त्यांनी मिशी खाजवली, बराच वेळ खाजवली, आणि म्हणाले,

"वहिनी, माझा देवावर विश्वास नाही. कधीच नव्हता. त्या दुसऱ्या तपासणीच्या सकाळी मी दत्ताला सांगितलं होतं, पूजा वहिनींनीच केली तर मी विमानात पाऊल ठेवणार नाही. माझ्याशिवाय ते उडवायला दुसरं कोणी नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, 'मग खालीच थांब. वहिनींचं ताट धरायला कोणीतरी लागेलच.'"