कचऱ्यात जपलेला आवाज

परुळे बाजारात सत्यवानाचा फोटो स्टुडिओ आहे, आणि या माणसाला काही म्हणता काही टाकवत नाही. वीस वर्षांमागच्या लग्नाचे फोटो मागा, शोधून देईल. घरात कोणी गेलं आणि भिंतीवर लावायला धड फोटो नसला, की लोक त्याच्याकडेच येतात. मग तो कुणाच्या तरी वरातीच्या गर्दीतून त्या माणसाचं तोंड हुडकतो, कापतो, मोठं करून देतो. प्रत्येक लग्नाच्या दोन कॉप्या, एक दुकानात, एक घरी. असा हा माणूस, आणि याच्याच हातून जाऊ नये ते गेलं. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

त्याची बायको नर्मदा. तोंडाने अख्ख्या वाडीला पुरून उरणारी. नवरा दुकानात असला की फोनवर तिचे बोललेले निरोप यायचे. ‘ओ, आयकलास? येताना सुंगटा घेवन येवा, कालच्यासारख्या इसरू नकात.’ सत्यवान वैतागायचा, सुंगटं म्हणजे कोळंबी विसरायचा आणि घरी गेल्यावर बोलणी खायचा. संसार म्हणतात तो हाच. मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला.

ते निरोप सत्यवानाने फोनवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतले होते, म्हणून वाचले. फोन पुढे होडीत चढताना खाडीत पडला. तिला बरं वाटेल असं समजून त्याने एकदा तिला दुकानात बसवून ते ऐकवले. पुरुषांना अक्कल उशिरा येते ती अशी. नर्मदेने दोन्ही कान गच्च दाबले आणि रडायला लागली. आवाज नसलेलं रडणं बघवत नाही हो. तिने हाताने खूण केली, टाका ते. त्याने तिच्या डोळ्यांदेखत सगळे पुसले.

पुसले म्हणजे काय, तर रिसायकल बिनमध्ये गेले. ती कॉम्प्युटरची कचरापेटी. रिकामी करीपर्यंत तिथे टाकलेलं तसंच पडून असतं. सत्यवानाची आई वालावलच्या देवळात उत्सवाला जाताना आपली सोन्याची माळ मागीलदारी राखेच्या मडक्यात पुरून जायची. चोर कपाट फोडील, राखेत हात कोण घालतो? लेकाने तेच केलं. बायकोचा शब्द मोडला नाही आणि आवाजही राखला. रोज दुकान बंद करण्याआधी तो दार ओढून घ्यायचा, निरोप पेटीतून बाहेर काढायचा, ऐकायचा आणि पुन्हा कचऱ्यात टाकायचा. दुसरीकडे कुठे कॉपी केली, तर तिला खोटं सांगितल्यासारखं होईल असं त्याला वाटे.

पुढे डिस्क भरत आली. मशीन रडतखडत चालायला लागलं, तेव्हा त्याने आपोआप साफसफाई करणारी सोय चालू केली. काय काय पुसू, असं ती आधी विचारते. सत्यवानाने एकेक फोल्डर उघडून बघितलं आणि त्यापुढची पुसायची खूण काढून टाकली. लग्नं ठेव, बारशी ठेव, गेलेल्यांचे फोटो तर ठेवच. कचरापेटीपुढे लिहिलं होतं, महिनाभर पडून असलेलं तेवढंच पुसलं जाईल. तिथे त्याचा हात थांबला. मग तो मनाशी म्हणाला, आपलं कुठे पडून असतं? रोज काढतो, रोज टाकतो, मशीनच्या लेखी ते रोजच नवं. ती खूण त्याने राहू दिली. आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

पण नर्मदेच्या गळ्याची जखम चिघळली. तिला गोव्याच्या इस्पितळात ठेवावं लागलं आणि महिना कधी उलटला ते त्याला कळलं नाही. तिच्या उशाशी बसून तो तिच्या श्वासाकडे कान लावून असायचा. त्यात कसलं मशीन आणि कसली पेटी! परत आल्यावरही अडलेली कामं उरकून कधी एकदा घरी जातो असं त्याला व्हायचं. मशीनने मात्र सांगितलेलं काम चोख केलं.

मुलगी संचिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नात झाली. नर्मदेने तिला मांडीवर घेतलं, ओठ हलवले. पोरीने ढुंकूनही बघितलं नाही. मग नर्मदेने नवऱ्याकडे बघितलं, आपल्या कानाला हात लावला, नातीकडे बोट केलं. ठेवलेत ना? तिला ठाऊकच होतं, हा माणूस टाकायचा नाही. सत्यवान इतका हरखला, की वहाणा न घालताच दुकानाकडे निघाला.

पेटी रिकामी होती.

मशीन उचलून तो कणकवलीला विनीतकडे गेला. विनीत अशा कामात हुशार. त्याने सगळे उपाय करून बघितले आणि मान हलवली. “काका, ह्या डिस्कार पुसलेला परत येणा नाय. सगळ्या गावाच्या दोन-दोन कॉप्या ठेवतास, आणि ह्येची एक नाय केलास?” दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

घरी नर्मदा नातीला घेऊन वाट बघत बसली होती. तिच्यापुढे तो मटकन खाली बसला. “गेलो गो तुझो आवाज. माझ्याच हातान गेलो.”

मग तिने त्याच्या ओठांवर बोट टेकवलं आणि नातीकडे दाखवलं. माझं बोलणं तुम्ही हिला ऐकवा.

“ओ, आयकलास?” तो म्हणाला. “येताना सुंगटा घेवन येवा.” नर्मदेने मान हलवली, असं नाही. त्याने आवाज बारीक करून पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा मान हलवली. त्याने डोळे मिटले. ती ‘आयकलास’ कुठे लांबवायची, कुठे तोडायची, ते तो आठवू लागला. शब्द सगळे पाठ होते, पण कानात त्याचा स्वतःचाच घोगरा आवाज येत राहिला. त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा नर्मदेने त्यावर हात ठेवला.