तीन पाहुणी चाकं

वैरागहून सोलापूरला येणाऱ्या त्या खटारा प्रवासी जीपच्या ड्रायव्हरचं नाव मला कधीच कळलं नाही. मी कॉलेजच्या प्रवेशाच्या मुलाखतीला निघालो होतो. वाटेत म्हैस आडवी आली, त्यानं ब्रेक दाबला आणि एक चाक अडकून जीपच रस्त्यात आडवी फिरली.

तो खाली उतरला. धुळीत उमटलेला चाकाचा एकच ओरखडा रांगोळी बघावी तसा बघत राहिला.

"एकटंच चाक राबतंय. बाकीची तीन पाव्हनी आल्यात."

मग पाना घेऊन तो सावकाश पाहुण्यांचे ब्रेक आवळू लागला.

"मामा, मु... मुलाखत चुकेल माझी," मी चाचरलो.

"कॉलेजकुमार, आदी तुजं अडकलेलं चाक सोडीव की! एकदम दाबू न्हाय. दाब, सोड, दाब, सोड."

पुढे सोलापूरपर्यंत त्यानं तसाच ब्रेक मारला. आम्ही सगळे माना डोलावत पोहोचलो.

मुलाखतीत पहिलाच शब्द घशात अडकला. टेबलाखाली माझा पाय आपोआप हलू लागला: दाब, सोड. शब्द एकेक करून बाहेर आले, प्रवेशही मिळाला.

प्राचार्यांनी शेवटी काळजीनं विचारलं, "पायाला काही लागलंय का?"