घोटे बघणाऱ्या वन्सं

माणूस भेटला की आधी त्याच्या पायांच्या घोट्यांकडे बघणारी बाई अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच असेल, आणि ती माझी थोरली नणंद आहे. मला बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी माझं शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. वन्संनी घोट्यांवर सूज आहे का ते न्याहाळलं आणि माझ्या आईला विचारलं, "हिच्या वेळी तुम्हाला बीपी होता का?" आई घाबरून "नाही" म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी पोह्यांच्या बशीला हात लावला.

वन्सं शास्त्रज्ञ आहेत. गरोदरपणात जिचा रक्तदाब वाढतो ती सुखरूप बाळंत झाली की घरचे पेढे वाटून मोकळे होतात. पण तिच्या रक्तवाहिन्या ते दुखणं विसरत नाहीत, पुढे कित्येक वर्षांनी ते हृदयावर येऊ शकतं, हा त्यांचा जन्माचा विषय. ऐकणारा कोण आहे याची त्यांना फिकीर नसते. बोईसरच्या आमच्या अंगणात हे झाडांना पाणी घालत होते, तर त्यांच्या हातातली जुनी, कडक झालेली नळी ओढून घेत वन्संनी त्यांना रक्तवाहिनी समजावली. अर्ध्या तासात यांना विषय कळला आणि माझा मोगरा बुडाला.

एकदा सालवडला शेजाऱ्यांच्या लग्नात नवरीची बहीण, सातवा महिना लागलेली, डोकं धरून कोपऱ्यात बसली होती. चेहरा सुजलेला. वन्संनी पर्समधून बीपीचं यंत्र काढलं. पर्समध्ये पैसे नसले तरी यंत्र असतंच. आकडा बघून त्या उठल्याच. "हिला आत्ता दवाखान्यात न्यायचं." तिचे सासरे म्हणाले, "अहो, अक्षता तरी पडू द्या." "तुम्ही टाका अक्षता, मी हिला नेते," असं म्हणून त्यांनी नवरदेवासाठी फुलांनी सजवलेली गाडीच पळवली. मागे मांडवात केवढा गोंधळ! त्या मुलीला दवाखान्यात आकडीचा झटका आला, पण डॉक्टर शेजारी होते. बाळ इवलंसं जन्मलं. आई आणि बाळ दोघं वाचली. तेच सासरे आता रस्त्यात दिसले की वन्संना वाकून नमस्कार करतात, आणि वन्सं त्यांचे घोटे बघतात.

बाळंतपणात बीपी वाढलेल्या बायकांची यादी करून, वर्षांनंतर त्यांचं रक्त तपासायचा अभ्यास वन्संनी हाती घेतला होता. सातपाटीच्या बायकांनी मात्र त्यांना सहज दाद दिली नाही. बोंबील वाळत घालणारी एक मावशी म्हणाली, "बाय, आमचा रगत काडून काय करशील? आमाला काय झाला नाय." वन्संनी वाद घातला नाही. पदर खोचला आणि तीन दिवस तिच्यासोबत बोंबील वाळत घातले. बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसेना. चौथ्या दिवशी मावशीने आपणहून हात पुढे केला. "घे, पन बेगीन. गिराईक उबा हाय." त्या दिवशी वन्सं घरी आल्या त्या एखादं बक्षीस मिळाल्यासारख्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा अभ्यास संपत आला. यादीतली एकच बाई भेटायची राहिली होती, दातिवऱ्याची; येते म्हणून तिला मागेच निरोप दिला होता. सोबत म्हणून मी गेले. दारात तिची मुलगी आली, कडेवर तान्हं मूल. "आई गेली," ती म्हणाली. "पावसाच्या आदी. छातीत दुकतंय बोलली, आमी म्हटला पित्त हाय." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी येनार, असा बोलायची ती."

वन्सं ओटीवर बसल्या. मुलीने चहा दिला, तो त्यांनी सगळा प्यायला. मग हळूच विचारलं, "तुझ्या बाळंतपणात कसं होतं गं?" "मलाबी बीपी झालेला." वन्संनी तिचा रक्तदाब मोजला, कुठे आणि कधी तपासायला जायचं ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आणि छातीत दुखलं तर घरात थांबायचं नाही, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

परतताना आम्ही रिक्षात बसलो. सफाळे जवळ आलं तेव्हा बाहेर बघतच म्हणाल्या, "मी मागच्या वर्षीच यायला हवं होतं गं." मी त्यांचा हात हातात घेतला, आणि स्टेशन येईपर्यंत तो त्यांनी सोडवून घेतला नाही.