कुंकू लावलेली सीडी

ती घटना आठवली की पहिल्यांदा रागच येतो, आणि इतक्या वर्षांनंतर नीट पाहिलं तर त्यातला बराचसा राग माझ्या स्वतःवरचा आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एका मुलीच्या जबाबाचं पहिलं पान जितकं डोक्यात राहिलं, तितकं दुसरं काही राहिलं नाही. यात कोणाचं नाव मी लिहिणार नाही. माणसं त्याच भागात आहेत, काही अजून मला दिवाळीला फोन करतात.

तेव्हा मी इचलकरंजीत सहायक निरीक्षक होतो. घराघरांत कॉम्प्युटर यायचे होते, पण मोठ्या कारखान्यांत ते शिरले होते. नवी ऑपरेटिंग सिस्टीम नुकतीच बाजारात आली होती आणि ज्याला त्याला ती हवी होती. आमच्या ठाण्यात मात्र एकही कॉम्प्युटर नव्हता. माहिती तंत्रज्ञानाच्या नव्या कायद्याची एक प्रत आली होती, ती कपाटात आवक-जावकीच्या बारनिशी रजिस्टरांखाली होती.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सकाळी एक यंत्रमाग कारखानदार अर्ज घेऊन आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही अण्णाच म्हणतो. काठाच्या साड्या विणणारा त्यांचा कारखाना. काठाच्या नक्ष्या पूर्वी आलेखाच्या कागदावर काढत, आता कॉम्प्युटरवर. सहा वर्षांच्या नक्ष्या त्या एका यंत्रात होत्या. ते यंत्र बंद पडलं होतं.

"सायेब, पोरीनं व्हायरस सोडलाय," अण्णा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "नवमीला काम सोडून गेली, आणि दसऱ्यादिवशी मशीन चालू करतोय तर निळा पडदा. आत कायच न्हाय. लग्नसराईचा माल अंगावर हाय, माग काय मोकळं फिरवू?"

ज्या मुलीबद्दल ते बोलत होते ती त्यांच्याकडे तीन वर्षं नक्ष्या काढत होती. वडील दुसऱ्या एका शेडमध्ये विणकर. घराण्यात शाळेच्या पुढे गेलेली ती पहिली. सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून तिची निवड झाली होती, म्हणूनच तिने काम सोडलं होतं. आणि हे मला अण्णांनी सांगायची गरज नव्हती, कारण तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आठवड्यापासून माझ्याच टेबलावर होता. आणखी आठ दिवसांत अहवाल पाठवायचा होता. गुन्हा दाखल झाला असता तर त्या कागदावर तसं लिहावं लागलं असतं, आणि तिची नोकरी तिथेच संपली असती.

मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. पेठ वडगावच्या शाळेत शिकलो. माझ्या पडताळणीच्या वेळी आमचे इंग्रजीचे गुरुजी सायकलवरून ठाण्यात जाऊन माझ्याबद्दल सांगून आले होते. त्या कागदाचं वजन मला माहीत होतं. म्हणून गुन्हा लगेच नोंदवला नाही, आधी अर्जाची चौकशी करतो म्हणालो. नव्या कायद्याखाली तपास उपअधीक्षकांकडे गेला असता, आणि तिथे एकदा कागद गेला की मागे आणणं माझ्या हातात नव्हतं. अण्णांना हे पटलं नाही. पुढचे चार दिवस ते रोज सकाळी दहाला येऊन एकच प्रश्न विचारत, "दाखल कवा करताय?"

पहिला घोळ पंचनाम्याचा. मी एका अपघाताच्या ठिकाणी अडकलो होतो, म्हणून हवालदारांना कारखान्यात पाठवलं. चांगला माणूस, वीस वर्षं नोकरी झालेली, अक्षर मोत्यासारखं. संध्याकाळी ठाण्यात आलो तर मुद्देमालाच्या खोलीत झेंडूच्या माळेसकट कॉम्प्युटरचा पडदा ठेवलेला. नुसता पडदा. खालचा डबा, म्हणजे खरं यंत्र, कारखान्यातच.

"हवालदार, हे काय आणलंय?"

"साहेब, व्हायरस याच्यातच दिसत होता की. निळा झालता सगळा. पंचांनी पण बघितलाय." त्यांनी पडद्याच्या मागे डोकावलं. "हितं आणल्यावर मात्र दिसंना. वायरीत गेला असंल काय?"

मी कपाळाला हात लावला. पंचनामा वाचला. लिहिलं होतं, 'पडद्याचा रंग निळा असून त्यावर पांढऱ्या अक्षरात इंग्रजी मजकूर आहे.' मजकूर काय आहे, ते नव्हतं. विचारलं तर हवालदार म्हणाले, "इंग्रजी होता म्हणून न्हाई उतरला." आणि मी काय केलं? त्यांच्यावर ओरडलो आणि पडदा मुद्देमालाच्या पावतीवर चढवून टाकला. डबा आणायला कोणाला पाठवलं नाही. माझ्या मते प्रकरण यंत्राचं नव्हतं, माणसाचं होतं. पंधरा वर्षांच्या नोकरीने मला तेच शिकवलं होतं.

त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही, आवाज दबका. "त्या पोरीच्या पिशवीत सीडी हाय. नवमीला घेऊन आलती. मी बघितलीया." फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला बोलावलं. महिला शिपाई जवळ बसवली. बाहेर बाकावर तिचे वडील, कामाच्या कपड्यातच, खांद्यावर सुताचा पिंजा तसाच. मी आत जाता जाता ते मला म्हणाले, "सायेब, आमच्या घरात सरकारी कागद कधी आला न्हवता. हिच्यामुळं आला. तेवढं बघा."

मुलगी घाबरलेली होती, पण सरळ बोलत होती. मी दोन तास विचारत राहिलो. काम का सोडलं, भांडण झालं होतं का, दुसऱ्या कारखान्याने बोलावलं होतं का. ती प्रत्येकाला नाही म्हणत होती. मग मी सीडीबद्दल विचारलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. वाटलं, आता सापडली.

"होती की साहेब," ती म्हणाली आणि पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. "कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलीय. यातला अँटीव्हायरस नव्या सिस्टीमवर चालतो. जायच्या आधी अण्णांना बसवून द्यायची होती. ते नको म्हणाले."

"का नको म्हणाले?"

"ते जुनाच बसवा म्हणत होते. जुन्या सिस्टीमचा अँटीव्हायरस नव्यावर चालत नाही, मशीन सुरू होणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. सीडीच्या खोक्यावर पण लिहिलंय."

हवालदार जबाब लिहीत होते. त्यांनी मान वर केली. "साहेब, हे बी लिहू?"

"लिहा. ती काय बोलते ते सगळं लिहा," मी म्हणालो, वैतागून. कारण मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. अँटीव्हायरस म्हणजे रोगावरचं औषध, आणि औषधाने यंत्र कसं बंद पडेल? मला वाटलं, शिकलेली मुलगी आहे, जड शब्द टाकून साहेबाला गोंधळात टाकते आहे. असे लोक मी पाहिले होते. हवालदारांनी शेवटी नेहमीची ओळ लिहिली, 'वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' तिने सही केली. सीडी जमा करून घेतली. जबाब कोणी वाचून दाखवला नव्हता. तो आम्ही कधीच वाचून दाखवत नसू. ओळ मात्र प्रत्येक वेळी लिहीत असू.

ती सीडी पाकिटात घालून ठेवली आणि दोन दिवस मी तिच्याकडे सुरीकडे बघावं तसं बघत होतो. हत्यार सापडलं, अशी माझी समजूत. अण्णांना हे कळल्यावर ते उठून उभेच राहिले. "मग आता कशाची वाट बघताय सायेब?"

वाट एवढ्याचसाठी बघत होतो, की सीडीत व्हायरस आहे असं कोणीतरी जाणत्याने लिहून द्यायला हवं होतं. कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक तंत्रज्ञ होते. त्यांना चौथ्या दिवशी दुपारी बोलावलं. ते आले, मुद्देमालाच्या खोलीत गेले, झेंडूची सुकलेली माळ घातलेल्या पडद्याकडे बघत राहिले.

"साहेब, याला विचारून काय उपयोग? मशीन कुठाय?"

मी शरमलो. पडदा जीपमध्ये घालून आम्ही कारखान्यात गेलो. डबा टेबलाखाली होता तसाच होता. त्याच्यावर हळद-कुंकवाची पाच बोटं. तंत्रज्ञांनी वायरी जोडल्या, यंत्र सुरू केलं. निळा पडदा आला. ते वाकले आणि त्यांनी ती पांढरी अक्षरं मोठ्याने वाचली. पाच-सहा ओळी होत्या. मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं.

"ही फाईल अँटीव्हायरसची आहे. जुन्या. हा कोणी बसवला यात?"

उत्तराची वाट न बघताच त्यांनी बटण दाबून सीडीचा ट्रे बाहेर काढला. आत एक सीडी होती. तिच्यावर मधोमध कुंकवाचा टिळा आणि दोन अक्षता चिकटलेल्या.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "ती पूजेची हाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अण्णांच्या घरची रीत अशी, की नवा माग बसवला की पहिल्या दिवशी त्यात जुन्या चालत्या मागाचा धोटा घालून चार बोटं कापड विणायचं. जुन्याची बरकत नव्यात येते. आजोबांपासून चालत आलेलं. दसऱ्याच्या तोंडावर नवा कॉम्प्युटर आला, जुना कुरुंदवाडच्या मेव्हण्याला दिला. मुलीने नक्ष्या नव्यात आणून दिल्या. खंडेनवमीला मागांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली, तेव्हा जुन्याचं नव्यात काय घालायचं, असा प्रश्न आला.

"ह्या सीडीनं तीन वर्षं एक व्हायरस येऊ दिला न्हाय," अण्णा म्हणाले. "राखणदारच की तो. त्याला सोडून मासिकातली फुकटची सीडी घालू? ती पोरगी नको नको म्हणत हुती. मला वाटलं, जायचंय म्हणून अंग काढतीया."

"मग बसवली कोणी?"

अण्णांनी दिवाणजींकडे बघितलं. हे दिवाणजी कारखान्याची लिखापढी बघत. ते भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "मालकांनी सांगितलं म्हणून बसवली. पडद्यावर सारखं काय काय विचारत हुतं. मी समद्याला व्हय व्हय म्हणत गेलो."

"काय विचारत होतं?"

"इंग्रजी हुतं सायेब."

तो आवाज मी ओळखला. तीन दिवसांपूर्वी फोनवर ऐकला होता. पूजेच्या दिवशी यंत्र चालूच होतं, म्हणून काही कळलं नाही. रात्री बंद केलं, दसऱ्याला परत सुरू केलं आणि निळा पडदा आला. आळ आपल्यावर येईल म्हणून दिवाणजींना मुलीच्या पिशवीतली सीडी आठवली, आणि त्यांनी फोन केला. ते खोटं बोलले नव्हते. फक्त निम्मं बोलले होते.

सीडीचं खोकं देव्हाऱ्यात नारळाशेजारी होतं. तंत्रज्ञांनी ते आणायला लावलं आणि मागची बाजू माझ्यापुढे धरली. कोणकोणत्या सिस्टीमवर हा प्रोग्रॅम चालतो त्यांची नावं छापलेली होती. नवीचं नाव त्यात नव्हतं. खाली एक ओळ होती, यादीबाहेरच्या सिस्टीमवर बसवू नये. ती वाचायला माझं वडगावच्या शाळेतलं इंग्रजी पुरेसं होतं.

तंत्रज्ञांनी यंत्र वेगळ्या पद्धतीने सुरू केलं, जुना प्रोग्रॅम काढून टाकला. तासाभरात नक्ष्या पडद्यावर आल्या. एकही गेली नव्हती. मग मासिकाबरोबरच्या सीडीतला अँटीव्हायरस त्यांनी तपासला आणि, अण्णांच्या परवानगीने, तोच बसवला. अण्णा बराच वेळ काठांवरच्या कोयऱ्या बघत बसले. मग म्हणाले, "सायेब, ती पूजेची सीडी तेवढी परत द्या. अर्ज मागं घेतो."

दुसऱ्या दिवशी मुलीला पुन्हा बोलावलं. पुरवणी जबाब घ्यायचा, प्रकरण बंद करायचं आणि पडताळणीचा अहवाल पाठवायचा, असा माझा विचार. अण्णाही आले होते. ते तिला म्हणाले, "चुकलं पोरी माझं. लई बोललो तुला." तिने मान हलवली. वडील या वेळी स्वच्छ सदरा घालून आले होते, पण बसले बाहेरच्याच बाकावर.

हवालदारांनी कोरा कागद घेतला. "हं, सांग."

"नवीन काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "मागचा जबाब वाचून दाखवा. त्या दिवशी दाखवला नव्हता."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी फाईल ओढली आणि स्वतः वाचायला घेतलं, मोठ्याने. पहिल्याच पानावर, हवालदारांच्या मोत्यासारख्या अक्षरात, सगळं होतं. जुन्या सिस्टीमचा अँटीव्हायरस नव्यावर चालत नाही. मशीन सुरू होणार नाही. मी अण्णांना सांगितलं होतं. सीडीच्या खोक्यावर लिहिलं आहे. पहिल्या जबाबाच्या दिवशीच प्रकरण उलगडून टेबलावर पडलं होतं, आणि आम्ही त्याच्यावर पेपरवेट ठेवून दोन दिवस हत्याराकडे बघत बसलो होतो. अण्णांनी पडद्यावरचं वाचलं नाही, दिवाणजींनी वाचलं नाही, हवालदारांनी पंचनाम्यात उतरवलं नाही. या तिघांना इंग्रजी येत नव्हतं. माझ्यापुढचा जबाब मात्र मराठीत होता.

लोक खोटं बोलतात हे पोलिसाला लवकर कळतं. पण जे आपल्याला समजत नाही तेही खोटं मानायची सवय कधी लागते, ते कळत नाही. आमचे गुरुजी परीक्षेच्या आधी सांगायचे, प्रश्नपत्रिका बोट ठेवून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. त्यांच्या सायकलवरच्या फेरीमुळे मी या खुर्चीत बसलो होतो, आणि त्यांची एवढी साधी गोष्ट पाळली नव्हती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात एकही जबाब वाचून दाखवल्याशिवाय सहीला गेला नाही. शिपाई कंटाळायचे, मागून बोलायचे, ते मला ठाऊक होतं.

त्या दिवशी मी शेवटच्या ओळीपर्यंत आलो. 'वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' खाली तिची तीन दिवसांपूर्वीची सही होती. मी थांबलो.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली, आणि वडिलांना उठवायला बाहेर गेली.