मागच्या बाकावरच्या बाई

तिसरीच्या वर्गाला त्या एकवीस वर्षं शिकवत होत्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. मोठे सर म्हणत, शिपाई म्हणे, कोपऱ्यावरचा किराणावालाही म्हणे. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर दोन खोल्यांत दोघींचं बरं चाललं होतं. आई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा. रविवारी वहिनीचा फोन यायचा, आणि दोघी एकमेकींची तब्येत विचारून मोकळ्या व्हायच्या.

परदेशातून तरुण मुलामुलींचा एक गट तीन आठवडे शाळेत फुकट शिकवायला येणार होता. त्यांना राहायला घरं हवी होती. मोठे सर म्हणाले, "बाई, तुमच्याकडे एक खोली रिकामीच आहे."

'रिकामी' म्हटल्यावर बाई जरा थबकल्या, पण नाही म्हणायलाही काही कारण नव्हतं. मग सूचनांचा कागद आला. पाणी उकळलेलं हवं, पलंग वेगळा हवा, न्हाणीघराला आतून कडी हवी. बाईंच्या न्हाणीघराला कडी कधी नव्हतीच. दोन बायकांच्या घरात लपायचं कुणापासून? त्यांनी सुताराला बोलावून कडी बसवून घेतली आणि आईच्या पलंगावर नवी चादर घातली.

पाहुणी आली ती एकोणीस-वीस वर्षांची, इतकी उंच की तिला दारातून वाकून यावं लागलं. वर्गातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं: लंबूताई. तिला इथली भाषा येत नव्हती आणि बाईंना तिची. घरात सगळा कारभार हातवाऱ्यांवर. जेवण झालं की ती खोलीत जाऊन तिच्या माणसांशी फोनवर बोलायची, खळखळून हसायची. बाहेर आली की बाईंकडे बघून बेताचं, शहाण्या मुलीसारखं हसायची. बाई भांडी विसळता विसळता ते पलीकडचं हसू ऐकत राहायच्या.

शाळेत तिसरीचा वर्ग तिच्याकडेच दिला होता. बाईंनी मागच्या बाकावर बसून शिस्त तेवढी सांभाळायची. गुडघे बाकात मावत नव्हते, म्हणून त्या तिरक्या बसायच्या. लंबूताई हावभाव करून गाणी शिकवायची. वर्गात एक मुलगी होती, हजेरीलासुद्धा नुसतं बोट वर करणारी. वर्षभर तिचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता. चौथ्या दिवशी ती बाकावर उभी राहून मोठ्याने गायली. बाईंना आनंद झाला, आणि आत कुठेतरी खुपलंही. मग आपण वर्षभर काय करत होतो?

दुसऱ्या रविवारी सगळा गट तलाव बघायला गेला, पण लंबूताईला ताप भरला. बाईंनी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, उकडलेला बटाटा कुस्करून भरवला. दुपारी ती पडल्या पडल्या, डोळे मिटूनच बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. बाई "हं, हं" करत राहिल्या. ती थांबली तेव्हा खोलीत एकदम शांत झालं, आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "तुला कळत नाही म्हणून सांगते हं."

लंबूताईने डोळे उघडले.

"आई गेली त्या दिवशी शेजारणीने शाळेत निरोप धाडला होता. लवकर या, एवढाच. माझा तास चालू होता. फळ्यावर भागाकार अर्धा राहिला होता. म्हटलं, एवढा संपवून निघते. वीस मिनिटं गेली त्यात. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. भावाला वाटतं, मी जवळ होते. मी त्याला तसंच सांगितलंय."

मुलीने त्यांचा हात धरला आणि दोन-तीन वाक्यं बोलली. काय बोलली ते बाईंना कळलं नाही.

दोन दिवसांनी ती शाळेत आली. मधल्या सुट्टीत गटाबरोबरची दुभाषी तिला घेऊन बाईंकडे आली. शिक्षकांच्या खोलीत सगळे चहा पीत बसले होते. दुभाषी म्हणाली, "बाई, रविवारी तुम्ही हिला काहीतरी महत्त्वाचं सांगितलंत म्हणे. ही दोन दिवस त्याचाच विचार करतेय. मला सांगा, मी तिला सांगते."

सगळ्यांनी कान टवकारले. बाईंनी कप खाली ठेवला. "काही विशेष नाही. नळ घट्ट बंद करत जा, एवढंच म्हटलं."

दुभाषीने ते सांगितलं. लंबूताई बाईंकडे बघत राहिली, मग तिने मान डोलावली. त्या दिवसापासून ती नळ इतका आवळून बंद करू लागली की उघडताना बाईंना दोन्ही हात लावावे लागायचे.

निघायच्या दिवशी बसपाशी गर्दी होती. लंबूताईने सगळ्यांना मिठी मारली. बाईंना, शिपायाला, मोठ्या सरांना. सर लाजून लालबुंद झाले. बस सुटली.

सोमवारी बाई पुन्हा फळ्याजवळ उभ्या राहिल्या. पोरं हिरमुसली होती. बाईंनी ते गाणं म्हणून बघितलं. उच्चार ऐकून पोरं हसली, बाईही हसल्या, पण दुसरी ओळ काही आठवेना. मग पाढे घेतले. ती मुलगी पुन्हा हजेरीला बोट वर करू लागली. महिनाभर बाई तिच्याशेजारी बसून हळूहळू वाचून घेत राहिल्या, तेव्हा कुठे एक दिवस तिने 'हजर' म्हटलं. तेही बाईंनाच ऐकू येईल एवढंच.

पुढच्या वर्षी मोठे सर म्हणाले, "यंदाची मुलं आपली भाषा थोडीफार शिकून येणार आहेत. तुम्हाला सोपं जाईल." बाई म्हणाल्या, विचार करून सांगते. दोन दिवसांनी त्यांनी यादीत नाव घातलं.

या वेळची पाहुणी चुणचुणीत होती. पहिल्याच संध्याकाळी जेवताना तिने एकेक शब्द जुळवत विचारलं, "तुम्ही एकट्याच राहता का?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि तिच्यासमोर मीठ सरकवलं.