समोरच्या भिंतीवरचं नाव

उस्ताद वदीहची बायको नजला गेली आणि वरच्या मजल्यावरचा आवाजच बंद झाला. बैरूतमध्ये भिंती पातळ, त्यामुळे आधी बापलेकीची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळायची. उस्ताद वदीहने जन्मभर बोरूने आणि कुंचल्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मुलगी रावियासुद्धा अक्षरंच करते, पण संगणकावर. साधी, सरळ, एकाच जाडीची अरबी अक्षरं. "ही अक्षरं आहेत की पाण्याचे पाईप?" असं तो रोज विचारायचा, आणि ती रोज चिडायची.

आता तो गॅलरीत नुसता बसून असे. डोळेही अधू झालेले. रावियाला त्याच्याकडून फार काही नको होतं. त्याने एकदा टोमणा मारावा, बस. तीही नजलाच्या दफनापासून रडलेली नव्हती. स्वयंपाक करायची, काम करायची, भांडी घासायची. मला तिची भीतीच वाटायची.

एका इस्पितळाच्या पाट्यांसाठी ती नवी अक्षरं करत होती. म्हाताऱ्या डोळ्यांना ती लांबून वाचता येतात का, हे बघायला तिने एक मोठा कागद छापला आणि गॅलरीसमोरच्या भिंतीवर चिकटवला. शब्द कुठला घ्यावा? हाताशी होतं ते बापाचं नाव घेतलं. समास मोजायला भोवती काळी चौकटही आखली.

आता या भिंतीवर आमची गल्ली फक्त मयताचे कागद लावते. शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. पण रावियाचं डोकं ठिकाणावर होतं कुठे?

दुपारी बेकरीवाला अबू नाझिह काळा कोट घालून, नाक पुसत वर गेला. मी मागोमाग. दार उघडलं खुद्द उस्तादने.

"या अल्ला!" अबू नाझिहने दाराची चौकटच धरली. "अरे, तू तर गेलास ना?"

"अजून नाही. आलाच आहेस तर बस. रावी, कडू कॉफी कर. साखर घालू नकोस, माणूस दुखवट्याला आलाय."

कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडून इतकी वाक्यं निघाली होती. रावियाने थंडपणे विचारलं, "काका, कागद तुम्ही किती लांबून वाचलात?"

"बेकरीच्या दारातून. आग लागो तुझ्या कागदाला!"

"मी इथून वाचला," उस्ताद म्हणाला. "सकाळीच. म्हटलं, बघू तरी कोण कोण येतंय. पाईप ते पाईपच, पण दिसतात." मग त्याने कप बाजूला सरकवला. "तुझ्या आईचा कागद होता ना तिथे, तो मला कधी वाचताच आला नाही. नुसता काळा डाग दिसायचा. लोक बोट दाखवायचे, मी मान हलवायचो. तिचं नाव लाव."

रावियाने संध्याकाळी लावलं. चौकट न आखता, नुसतं नाव. मी खाली तिच्याशेजारी उभी होते. उस्ताद कठड्याला धरून वाकला.

"नजला," त्याने वाचलं. नेहमी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायचा, अगदी तशीच.

रावियाने मान वर केली. "बाबा, नीट दिसतंय ना?"

"दिसतंय गं. पण ती ओ देत नाही."