अक्कानं पोट धुऊन दिलेला नमुना

एसटीत सगळ्या लोकांसमोर मी अक्कावर ओरडले, ते आठवलं की अजून डोकं फिरतं. फक्त आता ते नुसतं तिच्यावर फिरत नाही.

अक्का माझी मोठी बहीण. कुंभार पिंपळगावात शिवणकाम करते. दोन वर्षं तिला दिवसातून आठ-दहा वेळा संडासला जावं लागायचं, रक्त पडायचं, अन् हे तिनं मला, सख्ख्या बहिणीला, वजन छत्तीस किलोवर आल्यावर सांगितलं! तोवर मेडिकलवरून जंतू मारायच्या गोळ्या आणायची अन् खायची. चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

मी तिला जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीनं आतडं बघूच, पण सोबत एक नवी तपासणी करू. आपल्या पोटात जिवाणूंची मोठी वस्ती असते. संडासचा नमुना घेऊन त्यांची जनुकं वाचली की कोणते जिवाणू किती आहेत ते कळतं, अन् साधा संसर्ग आहे की आतड्यालाच सूज आहे हे ठरवायला मदत होते. उशीर झाला तर आतडं कापावं लागेल, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. अट एकच, महिनाभर त्या गोळ्या बंद. अक्कानं मान हलवली.

महिन्यानं नमुना गेला. रिपोर्ट आला त्यात जिवाणूंची वस्ती जवळजवळ पुसलेली. डॉक्टरांनी विचारलं, "मधे गोळ्या घेतल्या का?"

"न्हाई," अक्का म्हणाली.

मी टेबलावर हात आपटला. "तुमच्या मशीनचं चुकलं अन् आमच्या माणसाला खोटं पाडता? महिनाभर कसे दिवस काढले तिनं, ते मला ठाऊक आहे!" डॉक्टरांनी रिपोर्ट मिटून ठेवला. मला वाटलं, बरी जिरवली.

परतीला गाडी अंबडच्या स्टँडवर थांबली. अक्का घाईनं उतरून जाऊन आली, बसली, अन् खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मीच घेतल्त्या गं गोळ्या. नमुना द्यायच्या आधी तीन दिवस. अन् वरून एरंडेल."

"कशाला?"

"पोट साफ व्हायला. नमुन्याची डबी न्यायला लॅबचा माणूस येतो, त्याच्या बायकोचे ब्लाऊज मी शिवते. ते रक्त, तो वास त्याच्या हातात द्यायचा? घरी जाऊन बोलला असता. मंग माझ्याकडं कापड कोण टाकीन?"

पाहुणे यायच्या आधी घर सारवावं तसं पोट धुऊन घेतलं होतं बाईनं! "मरायला टेकलीस अन् तुला ब्लाऊजचं पडलंय?" मी किंचाळले. ड्रायव्हरनं वळून बघितलं.

ती रडली नाही. "तुझा पगार येतो," म्हणाली, "तुला बोलायला काय जातं?"

हे झोंबलं. कारण आईनं आम्हा दोघींना एकच शिकवलेलं. टमरेल घेऊन निघालं अन् कुणी समोर दिसलं, की परत फिरायचं. पोट दुखतं एवढंच सांगायचं, पुढचं गिळायचं. आता मी मंठ्याला शाळेत शिकवते, अन् एखादी पोरगी पोट बिघडलं म्हणाली की मीच तिला म्हणते, हळू बोल. मग लाजू नको, बोल, हे कुठल्या तोंडानं अक्काला सांगणार होते मी?

डॉक्टरांची माफी मागितली. पुन्हा महिनाभर गोळ्या बंद, अन् त्यात अक्काचं वजन आणखी दोन किलो उतरलं. तो वाया गेलेला महिना मी कुणालाच माफ करणार नाही, मलासुद्धा.

पुढं दोन्ही तपासण्यांतून आतड्याला सूजच निघाली. आता औषध चालू आहे. पण मला सांगायचंय ते दुसरी डबी नेली त्या दिवसाचं. या वेळी लॅबच्या माणसाला न बोलावता डबी मी एकटीच जालन्याला नेणार होते. अक्का म्हणाली, "मी पण येते," अन् पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन एसटीत बसली. शेजारच्या बाईनं सहज विचारलं, "काय घेऊन चालल्या?"

मी थाप मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का बोलली. "माझी संडास हाय. तपासायला. दोन वर्षं झाली, रक्त पडतं मला."

बाईनं पदर नाकाला लावला अन् सरकून बसली. अक्काचा तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"डबी बंद हाय, बाई. पदर काढा. तुम्ही काय फुलं हगता का?"